पेटीचा भाता हलतोय का?

टीव्हीवर कव्वाली लागली की मी गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, पेटीच्या भात्याकडे पाहतो. भाता जागचा हलत नसेल आणि सूर मात्र भरून येत असेल, तर समजायचं की गाणं आधीच कुठल्या तरी स्टुडिओत होऊन गेलंय आणि समोर चाललाय तो अभिनय. ढोलकवाल्याचंही तसंच. थाप ऐकू येते तेव्हा त्याचा पंजा हवेत असतो. मागं टाळ्या वाजवणारे चौघे दिसतात, ऐकू येतात दहा जणांच्या टाळ्या. माझा भाचा विचारतो, "मामू, ये सच्ची में गा रहे क्या?" आमच्या अंजनगाव सुर्जीत चहाच्या टपरीवर हाच विषय निघाला तर कुणीतरी हमखास म्हणतो, "तुले काय करा लागते बाप्पा, गाणं चांगलं हाय ना!"

गाणं चांगलं असतं, हे खरंच आहे. तरी मला हा प्रश्न सोडवत नाही. गाणारा आणि त्याचा आवाज यांची फारकत आपल्याकडे टीव्हीनं केलेली नाही, ती त्याच्या फार आधीची आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ग्रामोफोन कंपनीनं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. जो ख्याल तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत आटोपू लागला. पण गाणारी तीच होती, साजिंदे तेच होते, आणि गाणं एका दमात झालेलं होतं.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. त्यात फकिराच्या वेशात वझीर मोहम्मद खान गायले ते कॅमेऱ्यासमोरच, खरंखुरं. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. चित्र आणि आवाज एकाच वेळी घ्यावे लागत. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून चित्रीकरण बरंचसं मध्यरात्रीनंतर उरकावं लागलं. त्या काळातल्या बोलपटांत वादकांना झाडामागं किंवा पडद्याआड, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असं बसवायचे. म्हणजे वादक तिथं हजर होता, फक्त लपलेला होता. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव' काढला. नितीन बोस दिग्दर्शक, रायचंद बोराल संगीतकार. गाणं आधी मुद्रित करायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी नटानं नुसते ओठ हलवायचे, ही पद्धत हिंदी चित्रपटात तिथून रुळली. आता वादकाला लपवायचीही गरज उरली नाही.

त्याच १९३५ साली आपल्या मराठीत एक प्रयोग झाला, आणि मला तो या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. प्रभातनं 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत आणलं. ज्या माणसाच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा केला, तो पुरुषवेशात पडद्यावर आला, पण रंगभूमीवरची जादू तिथं उतरली नाही. वेशाचं कारण सांगितलं जातं, वयाचंही. मला त्याहून मोठं कारण दिसतं ते वन्समोअरचं. गंधर्व नाटक मंडळीत साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी असायची. (मराठी संगीत नाटकाच्या वैभवाबद्दल बोलताना ही दोन नावं पुष्कळदा घाईत घेतली जातात, म्हणून इथं मुद्दाम थांबलो.) प्रेक्षकांतून वन्समोअर आला की तेच पद पुन्हा, पण वेगळ्या अंगानं. थिरकवांना नवी जागा दिसायची, सारंगीला नवं उत्तर सुचायचं. म्हणजे त्या गाण्याला घडवणाऱ्यांत प्रेक्षकही होता. कॅमेऱ्याला वन्समोअर म्हणता येत नाही. तो फक्त रीटेक मागतो, आणि रीटेक चुकीसाठी असतो.

कव्वालीत या वन्समोअरला तकरार म्हणतात. मैफलीत कुणाला एखादी ओळ लागली, डोळे भरून आले, की कव्वाल पुढं सरकत नाही. तीच ओळ धरून ठेवतो, मध्ये दुसऱ्या शायराचा शेर आणून गिरह लावतो, आणि तो माणूस शांत होईपर्यंत थांबतो. ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा १२३५ मधला विसाल असाच झाला. समाच्या मैफलीत फारसी शेर ऐकून त्यांना हाल आला. चार दिवस-रात्र कव्वाल तोच शेर म्हणत राहिले. नमाजेची वेळ झाली की ख्वाजा नमाज अदा करायचे आणि पुन्हा त्याच अवस्थेत जायचे. ही हकीकत ज्या 'फवाइद-उल-फुआद'मध्ये येते, ते निजामुद्दीन औलियांच्या मजलिशींची नोंद ठेवणारे अमीर हसन सिज्जी आपल्याच महाराष्ट्रात, खुलदाबादला दफन आहेत. तिथंच बुरहानुद्दीन गरीब आहेत, १३३७ साली वारलेले. समाचा त्यांना इतका शौक की त्यांच्या मुरिदांच्या रक्स करण्याच्या ढंगाला 'बुरहानी' म्हणत.

समा जायज की नाजायज हा जुना वाद आहे, त्यात मी इथं शिरत नाही. निजामुद्दीन औलियांनी समासाठी ज्या चार गोष्टी पाहायला सांगितल्या, त्या मात्र आपल्या प्रश्नाला थेट भिडतात: गाणारा कसा आहे, ऐकणारा कसा आहे, काय गायलं जातंय, आणि सोबत वाद्यं कोणती आहेत. वाद्यांच्या बाबतीत ते कडक होते, आजची पेटी-बेंजो त्यांच्या नियमात बसलीच नसती. पण यादीत ऐकणारा आहे, हे लक्षात घ्या. ऐकणाऱ्यावाचून समा होतच नाही.

चित्रपटानं कव्वाली उचलली ती या ऐकणाऱ्याला बाजूला ठेवून. १९४५ च्या 'झीनत'मधली बायकांची कव्वाली नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायली आणि पडद्यावर ती रंगवणाऱ्यांत शशिकला आणि श्यामा होत्या. अतिशय लोकप्रिय झाली ती. पुढं कव्वाली म्हणजे काय, हे पुष्कळांना दर्ग्यापेक्षा थिएटरातच कळलं. दाद देणारेही पडद्यावरच, तेही दिग्दर्शकाच्या खुणेवर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, नंतर खाजगी वाहिन्या आल्या, पण टीव्हीवरच्या कव्वालीचा साचा या चित्रपटांतूनच आला. आधी स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं मुद्रित करायचं, मग मंचावर ते वाजवून कॅमेरे फिरवायचे. निर्मात्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. दहा माईक, पंख्यांचा घोंगाट, मध्येच बिघडणारी वायर. ट्रॅक असला की तेवढी काळजी मिटते.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. ब्रिटनमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात नुसते ओठ हलवण्यावर १९६६ मध्ये बंदी आली, ती वादकांच्या युनियनच्या आग्रहामुळं. त्यांचा मुद्दा कलेच्या पावित्र्याचा कमी आणि मजुरीचा जास्त होता: तबकडी वाजली की वादक घरी बसतो. १९९१ मध्ये त्याच कार्यक्रमात निर्वाणा बँडला तयार ट्रॅकवर फक्त आवाज खरा द्यायचा होता. कर्ट कोबेननं मुद्दाम घोगऱ्या, खालच्या आवाजात गाऊन आणि गिटारवर नुसते हात फिरवून सगळ्याची थट्टा केली. त्याच्या आदल्या वर्षी मिली व्हॅनिलीचा ग्रॅमी काढून घेतला गेला, कारण तबकडीवरचा आवाज त्या दोघांचा नव्हताच.

मजुरीचा मुद्दा मला आमच्या गावात रोज दिसतो. अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या दौलतराव शिंदे आणि इंग्रजांच्या तहामुळं, आणि बाजारात घेतलं जातं ते पानमळ्यांमुळं, पानपिंपरीमुळं. उरुसाच्या रात्री इथं कव्वालीची पार्टी यायची ती आठ-दहा जणांची. मुख्य कव्वाल, त्याचा जोडीदार, पेटी, ढोलक, तबला, बेंजो, मागं टाळीवाले. पहाटेपर्यंत चालायचं. आता एकटा गायक पेन ड्राइव्ह घेऊन येतो. सोबत एखादा पेटीवाला असतो, तोही शोभेला. टीव्हीवर पाहिलेलं हुबेहूब ऐकायला मिळतं म्हणून पोट्टे खूष असतात. पण मागच्या खेपेला समोर बसलेले एक बुजुर्ग एका ओळीवर उठून उभे राहिले, हात वर करून "फिर से, फिर से" म्हणाले. गायकानं त्यांच्याकडे पाहिलं, मान झुकवून सलामही केला. ट्रॅक पुढच्या कडव्यावर गेला होता, त्याला त्याच्यामागं जावं लागलं. बुजुर्ग थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग बसले.

आमच्या भागातला एक ढोलकवाला आता पानमळ्यात मजुरीला जातो. ढोलक त्यानं विकलेली नाही, लग्नसराईत अधूनमधून बोलावणं येतं. त्याचा मुलगा मोबाइलवर ट्रॅक बनवायला शिकलाय आणि बापापेक्षा बरं कमावतो. बापलेकांत यावरून भांडण नाही, एवढं मात्र मी पाहिलंय.

यंदाच्या उरुसासाठी कमिटीपुढं दोन प्रस्ताव आहेत. एक टीव्हीवर दिसलेला गायक, ट्रॅकसह. दुसरी जवळच्याच तालुक्यातली पूर्ण पार्टी, तिचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. प्रवास आणि जेवणखाण धरलं तर खर्च जवळपास सारखाच येतो. बैठक येत्या जुम्म्याच्या नमाजेनंतर आहे. माझं मत मी सांगून ठेवलंय: पार्टी बोलवा, आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या पाहुण्यांसाठी न ठेवता त्या बुजुर्गांसाठी ठेवा.