बालन्यूमोनिया

लहान मुलांच्या फुप्फुसांना होणारा जंतुसंसर्ग. वायुकोशांत पू व द्रव साचतो, प्राणवायू कमी पडतो आणि मूल भराभर श्वास घेऊ लागते. ग्रामीण भागात याला ‘डबा’ही म्हणतात. न्यूमोकॉकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हे जिवाणू आणि आरएसव्ही हा विषाणू ही प्रमुख कारणे.

ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग श्वास मोजण्याचा, आणि तो आईलाही जमतो. मूल शांत असताना अंगडे वर करून पोटाची हालचाल पाहावी व पूर्ण मिनिटभर मोजावे. पाव मिनिट मोजून चौपट करणे फसवे, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखाली ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर खोकणाऱ्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळे पडणे, दूध न ओढणे, झटके किंवा गुंगी दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळाला कधीकधी ताप न येता उलट त्याचे अंग गार पडते, हे अनेकदा लक्षातच येत नाही.

या मोजणीचे मोल गडचिरोलीत सिद्ध झाले. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक व सुईणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. आकडे न येणाऱ्यांसाठी मण्यांचे श्वासमापक बनवले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. सुईणीच्या हाती एवढे सामर्थ्य असते, हे आरोग्यव्यवस्थेने विसरू नये.

उपचारात आता अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाला प्राधान्य असते. मूल हुशार झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. साध्या सर्दी-पडशाला मात्र प्रतिजैविक लागत नाही. स्तनपान चालू ठेवावे. वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी थोडा मध चालतो, त्याआधी नाही. दोन वर्षांखालील मुलाला कफ सिरप देऊ नये. नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरू शकते. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी व धुरीही टाळावी, धुराने धोका वाढतो.

सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस सहा व चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत दिली जाते. हिमोफिलसवरील लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. दोन्ही मोफत आहेत.