केडगावची मुक्ती : दुष्काळातून आलेली वाट

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि खुटबाव मागे पडले की केडगाव येते. आज या शिवारात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, चौफुल्याला हायवेची वर्दळ आहे. पारगावजवळ भीमा ओलांडली की न्हावऱ्यावरून सरळ शिरूरला जाता येते. भाविक बेटावरच्या दत्तमंदिरासाठी केडगावला उतरतात, आणि याच गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशनही आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे निराधार मुली, विधवा, अंध स्त्रिया आणि वृद्धा येथे राहत आल्या आहेत.

या संस्थेची वाटचाल केडगावच्या जमिनीपासून सांगण्याचा प्रघात आहे. मला ती त्याच्या वीस वर्षे आधीपासून सांगावीशी वाटते. मुक्तीची पायाभरणी एका उपाशी मुलीच्या अनुभवात झाली, आणि त्या मुलीचे देवाशी चाललेले भांडण पुढे बरीच वर्षे मिटले नव्हते.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक होते. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. तीर्थक्षेत्री पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर जगावे, असे हे फिरते कुटुंब होते. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सगळे विकून झाले होते. दान, उपास, जप, देवदर्शन, शास्त्रात सांगितलेले जे जे होते ते सारे त्यांनी केले. पाऊस आला नाही, अन्नही आले नाही. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. वृद्ध आणि जवळजवळ आंधळे झालेले अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाला आणि त्याने वडिलांना थांबवले. ब्राह्मणाच्या मुलाने मजुरी करणे ही त्या घरासाठी केवढी मोठी गोष्ट होती! पण उशीर झाला होता. वडील गेले, काही आठवड्यांनी आई गेली, मग थोरली बहीण गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. आईसाठी बाजरीची भाकरी मागायला त्या शेजारच्या घरी गेल्या, पण दारात उभ्या राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखून भाकरी दिली. ती खाण्याइतकी शक्ती आईत उरली नव्हती. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला आणि तसाच स्मशानापर्यंत नेला.

याच दिवसांत परंपरेवरचा तिचा विश्वास ढासळला. बहीण-भाऊ पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथे पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, पण आत सारे रिकामे झालेले होते. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर लग्न केले. सिल्चरला त्यांच्या घरातल्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती.

त्यानंतरच्या वाटेवर पुणे, तेथे स्थापलेला आर्य महिला समाज, हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक आणि मग इंग्लंड. वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात राहत असताना 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेमिया, यांच्या लिखाणाचा या निर्णयात मोठा वाटा होता. लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमाचाही होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे सिस्टर मायेने सेवा करत होत्या. असे का, म्हणून रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीशी येशू बरोबरीने बोलतो. केडगावला पुढे फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या कृपा सदनाचे बी मला या भेटीत दिसते.

बाप्तिस्म्याच्या सुमारासच त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. विश्वासाच्या उंबरठ्यावर रमाबाईंना पुन्हा मृत्यूच भेटला. त्यांच्या साक्षीतले हे पान आपण नेहमी घाईने उलटतो.

बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न संपले नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी ख्रिस्ती इतिहासातला सर्वांत धीट दस्तऐवज आहे असे मला वाटते. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या अडल्या. चर्चची अमुक शिकवण मानलीच पाहिजे, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवली आहे, ती आता दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. आजीबाई रागावल्या, दुखावल्या, पण पत्रे थांबली नाहीत. ख्रिस्ताला धरून ठेवायचे आणि विचारायचेही सोडायचे नाही, हा रमाबाईंचा स्वभाव होता, आणि पुढे त्यांच्या संस्थेचा कणाही त्यातूनच घडला.

अमेरिकेत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाने आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने पैसा उभा राहिला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा होती आणि तिने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे असे ठरले होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई याच शाळेच्या विद्यार्थिनी.

1891 च्या सुमारास रमाबाईंच्या आत काही तरी पालटले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी झालेल्या पालटाविषयीची ही कबुली आहे. त्यांची पहाटेची प्रार्थना उघड्या दाराने चाले, मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेचे वचन पाळले गेले नाही, ही पुणेकरांची तक्रार पूर्णपणे निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंना जमणारे नव्हते.

शहराचा आधार असा सुटत असताना केडगावची जमीन आली. बोस्टनच्या मदतीची मुदत दहा वर्षांची होती. त्यानंतर मुलींचे पोट कशावर चालणार, या विचाराने रेल्वेलगतची सुमारे शंभर एकर जमीन घेतली गेली. विहिरी खणल्या, संत्री, लिंबू, आंबा लावला. दौंड आणि शिरूर हे दोन्ही अवर्षणाचे तालुके. सह्याद्री ओलांडून इथवर पोहोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. अशा मातीत फळबाग लावून संस्था जगवण्याचा बेत करायला मोठा विश्वास लागतो.

झाडे फळाला येण्याआधीच 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंजवळ पैसा नव्हता, शारदा सदनची व्यवस्थाही आणखी भार पेलण्यासारखी नव्हती. तरी त्या निघाल्या. सरकारी मदतकेंद्रांवर आणि अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले, त्यात त्यांना स्वतःचीच सोळा वर्षांची मूर्ती दिसली. भुकेपेक्षाही त्यांना भीती वाटली ती तेथे तरुण मुलींच्या पाळतीवर असणाऱ्या माणसांची. तीनशे विधवा आणि मुलींना त्यांनी आसरा दिला. तेवढ्यात पुण्यात प्लेग शिरला आणि शहरात नवी माणसे आणायला बंदी झाली. म्हणून या मुली केडगावच्या उघड्या माळावर तात्पुरत्या झोपड्यांत उतरल्या. मुक्तीची सुरुवात अशी झाली. तिला ना योजना होती, ना मुहूर्त. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळाच्या कारभारावर 1897 मध्ये रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्यांनी त्याला सूट दिली नाही.

1899-1900 चा दुष्काळ त्याहून भीषण होता. गुजरात-राजपुतान्यात तो छप्पन्या म्हणून ओळखला जातो. तेथून मुलींचे तांडेच्या तांडे रेल्वेने केडगावला आले आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे किती धान्य, किती सरपण, किती पाणी, याचा हिशेब ज्याने गावजेवण घातले आहे त्यालाच कळेल. आलेल्या मुलींची भाषा निराळी, सवयी निराळ्या. उपासमारीने कोणावरही विश्वास उरलेला नव्हता. त्यांना शांत करायला महिने लागत. याच काळात विविध सदने उभी राहिली : फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना वाचायला शिकवले. जिला घरची माणसे ओझे म्हणत होती, ती मुलगी बोटांनी शुभवर्तमान वाचू लागली.

शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे रमाबाईंच्या आधीपासून होते. रेव्हरंड रिचर्ड विन्सर आणि त्यांच्या पत्नीने तेथे औद्योगिक शाळा वाढवली, तिला सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे नाव होते. एका ठिकाणी परदेशी मिशनरी, दुसऱ्या ठिकाणी कोणत्याही पंथाच्या हाताखाली न जाणारी मराठी बाई. पण हाताला कसब दिल्याशिवाय दिलेला धीर टिकत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. मुक्तीत माग चालत, तेलाचा घाणा होता, गोठा होता, शेती होती, शिवण होते आणि छापखाना होता. तो मुली चालवत. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सारे त्यांच्याच हातचे.

1905 मध्ये मुक्तीत झालेल्या आध्यात्मिक संजीवनाबद्दल लिहिताना लेखणी जपून धरावी लागते. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या येत होत्या. मनोरमा आणि मुक्तीत काम करणाऱ्या मिशनरी मिनी अब्राम्स ऑस्ट्रेलियातली जागृतीची चळवळ समजून घेऊन आल्या होत्या. जानेवारीत रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस पवित्र आत्म्याचा जो अनुभव आला, त्यात मुली मोठमोठ्याने रडल्या, पापे कबूल केली, हसल्या, गायल्या, तासन्‌तास एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत राहिल्या. बाहेरच्या अनेक ख्रिस्ती मंडळींना हे गैर वाटले. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने पाश्चात्त्य शिस्तीनेच देवापुढे बसावे, हा आग्रह त्यांना मान्य नव्हता. अन्य भाषांत बोलणे हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, हेही त्यांनी मानले नाही. मला तर त्या रडण्यात पाच-सहा वर्षे साचलेला शोक दिसतो. दुष्काळात आई-बाप, भावंडे डोळ्यांदेखत गेलेल्या मुली होत्या त्या. त्यांना रडायला कोणी जागा दिली होती? देवापुढे ती मिळाली, आणि रडून झाल्यावर त्या टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला गेल्या. मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथल्या 1909 च्या जागृतीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या अनाथ मुलींची प्रार्थना समुद्रापार गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

उतारवयात रमाबाईंनी सर्वांत मोठे काम हाती घेतले. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणायचे, आणि तेही मूळ भाषांवरून. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येऊ लागले होते. दिवसभर संस्थेचा व्याप आणि उरलेल्या वेळात भाषांतर, असे ते वर्षानुवर्षे चालले. छपाई मुक्तीच्याच मुलींनी केली. या भाषांतराच्या मराठीवर विद्वानांनी आक्षेप घेतले आहेत, त्यांतले काही खरेही आहेत. पण एकट्या बाईने एवढे काम पेलावे, ही लहान गोष्ट नाही.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा मिरजेला वारली. वय अवघे चाळीस. संस्था तिच्या हाती जायची, असेच सारे धरून चालले होते. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती मुलगी. ईयोबाच्या पुस्तकाचे भाषांतर करणाऱ्या बाईला हे पाहावे लागले. त्यांनी काम थांबवले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्या गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर लिसा हेस्टी यांनी संस्था सांभाळली, पुढे भारतीय नेतृत्वाकडे ती आली. हजारोंची वस्ती ओसरली, लहान लहान कुटुंबे करून मुलींना वाढवण्याची पद्धत रुजली. प्रत्येक कुटुंबाला एक आई असते. शाळा आहेत, दवाखाना आहे. दुष्काळाने टाकलेल्या मुलींच्या जागी आज घरांनी टाकलेल्या मुली येतात.

रमाबाई आणि आजीबाईंची ती पत्रे 1977 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, इंग्रजीत. शिरूर-दौंडच्या मंडळ्यांत रमाबाईंची जयंती होते, साक्ष वाचली जाते, 1905 ची आठवण निघते. वाँटेजची पत्रे मात्र कोणी वाचत नाही. ती मराठीत आणून तरुणांच्या संगतीत मोठ्याने वाचली जावीत, ही माझी मनापासूनची विनंती आहे. देवाविषयी अवघड प्रश्न पडले की आपण मंडळीबाहेरचे झालो, असे समजून गप्प बसणारी मुले-मुली आपल्याच बाकांवर आहेत, आणि ज्या बाईने हे मिशन उभे केले तिलाही तेच प्रश्न पडले होते, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.