सॉल्सबरी–सुदान संबंध

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील सॉल्सबरी हा अँग्लिकन धर्मप्रांत आणि सुदान व दक्षिण सुदान या देशांतील एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन) चर्च यांच्यातील दीर्घकालीन सहयोग. आरंभ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस. सॉल्सबरी धर्मप्रांतात मुख्यतः विल्टशर व डॉर्सेट या परगण्यांतील पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्चची क्षेत्रे, येतात. शेजारच्या काही पॅरिशांचा गट म्हणजे डीनरी. अशा डीनऱ्यांची सुदानी धर्मप्रांतांशी सांगड घातलेली असते आणि त्या चौकटीत गावागावांतील पॅरिश प्रत्यक्ष संबंध ठेवतात. परस्परांसाठी प्रार्थना, पत्रव्यवहार, भेटी, पाळकांचे शिक्षण, शाळांना मदत आणि दवाखान्यांना औषधपुरवठा ही त्याची नेहमीची कामे. युरोप-अमेरिकेतील चर्च व आफ्रिकेतील चर्च यांच्यात असे संबंध पुष्कळ आहेत. त्यांचे मूल्यमापन बहुधा किती पैसा गेला आणि काय बांधले गेले यावरून होते. ही मोजपट्टी अपुरी आहे. वाहतूक बंद पडल्यावर किंवा दोन्ही पक्षांचे तीव्र मतभेद झाल्यावर संबंधाचे काय होते, हीच त्याची खरी कसोटी होय; आणि ती लावून पाहण्यास सुदानचे उदाहरण विशेष उपयोगी आहे.

पार्श्वभूमी : चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे लोक १८९९ मध्ये सुदानमधील ओमदुरमानला पोहोचले. उत्तरेतील मुस्लिम समाजात धर्मप्रचार करण्यावर सुदानवर तेव्हा राज्य करणाऱ्या अँग्लो-इजिप्शियन सरकारने निर्बंध घातले आणि मिशनऱ्यांना दक्षिणेकडे वळवले. तेथेही निरनिराळ्या पंथांना प्रदेश वाटून दिले. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला, परंतु दक्षिणेतील यादवी त्यापूर्वीच, १९५५ मध्ये सुरू झाली होती. १९६४ मध्ये सरकारने दक्षिणेतील परदेशी मिशनऱ्यांची हकालपट्टी केली. चर्चचा कारभार स्थानिक पाळकांच्या हाती आला, आणि त्यांच्यापैकी अनेकांना निर्वासितांबरोबर शेजारच्या देशांत जावे लागले. २७ फेब्रुवारी १९७२ च्या अदिस अबाबा करारानंतर माणसे परतू लागली. सॉल्सबरीचा संबंध जुळला तो या पुनर्वसनाच्या काळात. १९७६ मध्ये सुदान हा अँग्लिकन पंथातील स्वायत्त प्रांत झाला व एलिनाना न्गालामू हे पहिले आर्चबिशप झाले. म्हणजे सॉल्सबरीला भेटले ते मिशनऱ्यांनी चालवलेले पोरके केंद्र नव्हते. परकीयांविना जवळजवळ एक दशक तग धरलेले चर्च होते. या संबंधाला मिशनचा उत्तरार्ध समजणाऱ्या वर्णनांत नेमका हा क्रम सुटतो.

वैचारिक संदर्भ : १९६३ मध्ये टोरोंटो येथे भरलेल्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये परस्पर जबाबदारी व परस्परावलंबन या सूत्राचा पुरस्कार झाला. देणारे चर्च व घेणारे चर्च ही विभागणी सोडून द्यावी, असा त्याचा आशय होता. धर्मप्रांतांच्या जोड्या जुळवण्याची प्रथा त्यानंतर पसरली. परंतु आफ्रिकेतून याच काळात वेगळा सूर उमटत होता. केन्यातील प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा हे दोन्ही किमान पाच वर्षे थांबवावेत, अशी मागणी केली. मदतीच्या ओघात आफ्रिकी चर्चला स्वतःचे पाय सापडणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये लुसाका येथे अखिल आफ्रिका चर्च परिषदेने या भूमिकेला उचलून धरले. पॅरिश-संबंधांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आजही हाच आहे.

या आक्षेपाला सुदानच्या इतिहासाने अनपेक्षित उत्तर दिले. १९८३ मध्ये दुसरी यादवी पेटली आणि ती ९ जानेवारी २००५ च्या शांतता करारापर्यंत चालली. दक्षिणेच्या मोठ्या भागात या काळात परदेशी पाहुणा किंवा पैसा पोहोचणे दुष्कर होते. तरीही दक्षिणेतील बोर परिसरातील डिंका समाजात ख्रिस्ती धर्माचा सर्वाधिक प्रसार याच वर्षांत झाला. बिशप नॅथॅनिएल गारांग यांच्यासारखे स्थानिक नेते, अल्पशिक्षित प्रचारक आणि विशेषतः स्त्रिया हे त्याचे वाहक होते. मेरी अलुएल गारांग यांच्यासारख्या गीतकारांची डिंका गीते निर्वासितांच्या छावण्याछावण्यांत गायली गेली. अमेरिकन धर्मगुरू व अभ्यासक मार्क निकेल यांनी या गीतांचा व धर्मांतराचा तपशीलवार अभ्यास केल्यामुळे हा भाग इतरांपेक्षा अधिक ज्ञात आहे. गाटू यांचे अर्धे म्हणणे यातून सिद्ध होते : चर्चची वाढ मदतीवर अवलंबून नव्हती. पण मदत थांबल्याखेरीज स्वावलंबन येत नाही, हा दुसरा अर्धा भाग त्यातून निघत नाही. १९६४ नंतर स्वावलंबी झालेल्या चर्चने १९७२ नंतर मैत्री जोडली आणि पुढील युद्धात पुन्हा स्वबळावर वाढ साधली. मैत्रीने त्याला पांगळे केले असते, तर असे घडते ना.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे. ज्याच्या हातात थैली त्याचा शब्द चालतो; मग भागीदारी नावापुरतीच उरते, असे टीकाकार म्हणतात. हिशेब, अहवाल व छायाचित्रे देणाऱ्याच्या कपाटात साठतात आणि इतिहासही तिथूनच लिहिला जातो, हे खरे आहे. परंतु थैलीने शब्द विकत घेतला जातो का, याचा पुरावा २००८ मध्ये मिळाला. त्या वर्षी जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेत सुदानचे आर्चबिशप डॅनिएल डेंग बुल यांनी समलिंगी संबंधात असलेले अमेरिकन बिशप जीन रॉबिन्सन यांनी पद सोडावे, अशी जाहीर मागणी केली. इंग्लंडमधील अनेक अँग्लिकनांना ती रुचली नाही. सॉल्सबरीतही सर्वांचे मत एक होते असे म्हणता येणार नाही. कोणाची बाजू योग्य, हा या नोंदीचा विषय नाही. मदत घेणारा मिंधा होऊन गप्प बसला नाही आणि मतभेदानंतरही संबंध तुटला नाही, एवढे येथे पुरेसे आहे.

शाळा व दवाखान्यांना मदतीचे काम आंतरराष्ट्रीय मदतसंस्था अधिक कार्यक्षमतेने करतील, असाही युक्तिवाद केला जातो. अन्नधान्य व मोठ्या रुग्णालयांपुरता तो मान्य करावा लागतो. मात्र प्रकल्पाची मुदत संपली की संस्था निघून जाते. पॅरिशला मुदत नसते. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मध्ये तेथे पुन्हा रक्तपात सुरू झाला, २०१७ मध्ये सुदानचा वेगळा अँग्लिकन प्रांत झाला आणि १५ एप्रिल २०२३ पासून खार्टूम युद्धात होरपळले. एका देशाचे दोन देश झाले, तरी संबंध दोन्हींशी राहिला.

मर्यादा : १९७६ मधील चार धर्मप्रांतांच्या जागी आता एकट्या दक्षिण सुदानमध्ये पन्नासांहून अधिक धर्मप्रांत आहेत, डीनऱ्या त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत. त्यामुळे जुन्या जोड्या घट्ट व नवे धर्मप्रांत उपेक्षित, अशी असमानता संभवते.



सारांश, या संबंधाने सुदानी चर्च उभे केले नाही. ते आधीच उभे होते. पाळकांचे शिक्षण, औषधे आणि फाळणी, युद्ध व मतभेद ओलांडून टिकलेली ओळख, एवढेच त्याचे श्रेय आहे आणि ते कमी नाही. अशा इतर संबंधांचा विचार करतानाही देणगीच्या आकड्यांआधी संकटाच्या वर्षांची नोंद तपासावी.