घागर, टेरिलीन आणि तेरखेडा

कॉलेजात पहिल्यांदा 'टेरेफ्थॅलिक आम्ल' हे नाव ऐकलं तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो. शेजारच्या मित्राला म्हटलं, "बघ, आमच्या तेरखेड्याचं आम्ल!" विनोद फसला. तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात, रसायनशास्त्राशी आमची ओळख तेवढीच. नाव मात्र डोक्यात राहिलं. आजोबांचा कधीच न चुरगळणारा टेरिकॉटचा सदरा याच आम्लापासून निघालेला, हे नंतर कळलं. आणि आईच्या कमरेवरची प्लास्टिकची घागर? ती पॉलिथिनची. दोन वेगळी कुळं.

पॉलिथिन सापडलं १९३३ साली, इंग्लंडमध्ये विनिंग्टनला. गिब्सन आणि फॉसेट हे दोघं प्रचंड दाबाखाली वेगळंच काही करायला गेले आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांवर चढला. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलरनी कमी दाबात जास्त टणक पॉलिथिन करून दाखवलं, आणि घागरीची वाट मोकळी झाली. पॉलिएस्टरचा टेरिलीन धागा १९४१चा, मँचेस्टरकडच्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांचा. गंमत म्हणजे इंग्लंडात दोन्ही मालांना मोठं केलं ते एकाच आयसीआय कंपनीनं. आपल्याकडेही १९६०च्या दशकात दोन्ही ठाण्याच्या आसपासच तयार होऊ लागले. म्हणजे शेजार जुना. पण सोयरीक कधी झाली नाही.

हे मला पुस्तकानं नाही, एका घागरीनं शिकवलं.

२०१३चा उन्हाळा. मराठवाड्यातल्या लोकांना तो वेगळा सांगायला नको. गावात टँकर, टँकरपुढे घागरींची रांग. आईनं बाजारातून एक काळी, स्वस्तातली घागर आणली होती. दोन तास रांगेत उभी राहिली, भरलेली घागर उचलली आणि दारापर्यंत येईतो बुडाला चीर गेली. सगळं पाणी रस्त्यावर. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. मी तापल्या उलथन्यानं डाग देऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी चीर डागाच्या शेजारून पुढे सरकली.

मग ती घागर मी फोडलीच. काळ्या तुकड्यांत बारीक, चमकदार कपच्या दिसल्या. भंगारवाले चाचा आले होते, त्यांना दाखवल्या. त्यांनी एक कपची नखानं उकरली, काडी लावून वास घेतला आणि म्हणाले, "बाटलीचा माल हाय भैया. बाटली अन् टोपन एका पोत्यात भरत नसतेत."

पाण्याची बाटली पेटची, म्हणजे पॉलिएस्टरची. टोपण पॉलिथिनच्या कुळातलं. पॉलिथिन साधारण १३० अंशांना वितळतं, पेट २५५च्या पुढे. घागरीच्या आचेवर बाटलीचे तुकडे भातातल्या खड्यांसारखे तसेच राहतात.

बरं, आच वाढवून दोन्ही वितळवले तर? तरी तेल आणि पाणी! एकाचे थेंब दुसऱ्यात. पुढची गोष्ट थिजताना होते. तूप हळू थिजलं की रवाळ होतं, तुम्ही पाहिलं असेल. हे प्लास्टिकही थिजताना रवे धरतं, पण आपापल्या वेळेला. पेट आधी थिजायला लागतं. पॉलिथिन बऱ्याच नंतर, आणि थिजताना आक्रसतं. मधली भिंत सुटते. चीर तिथूनच निघते.

पॉलिएस्टरला पीबीटी नावाचा एक चुलतभाऊ आहे, टूथब्रशच्या केसांत आणि विजेच्या जोडण्यांत सापडतो. पेट आणि पीबीटी वितळवले की मस्त एकजीव होतात, साखळ्यांची अदलाबदलही करतात. पण थिजताना? प्रत्येकाचे रवे वेगळेच! भाऊबंदांची ही तऱ्हा, तर परक्या पॉलिथिनचं काय घेऊन बसलात.

यावर उपाय आहे. पॉलिथिनच्या साखळीला मॅलिक अ‍ॅनहायड्राइड जोडतात. साखळी पॉलिथिनमध्ये शिरते आणि जोडलेला भाग पॉलिएस्टरला धरून ठेवतो. थेंब बारीक होतात, माल सहज तुटत नाही. एकरूप मात्र कोणी होत नाही. आजोबांच्या टेरिकॉटमध्येही सूत आणि टेरिलीन शेजारी शेजारी पिळलेलेच होते की! पण हा मध्यस्थ महाग असतो, आणि स्वस्त घागर करणारा कशाला तो घालतोय?

म्हणून सगळा भार येतो निवडणाऱ्यावर. चाचांनी घमेलंभर पाण्यात दोन तुकडे टाकून दाखवले. टोपण तरंगलं, बाटली बुडाली. एवढीच त्यांची प्रयोगशाळा. इंग्लंडात दोन वेगळ्या वाटांनी निघालेला हा माल शेवटी तेरखेड्याच्या उकिरड्यावर एकत्र आला, आणि त्याला पुन्हा वेगळं करायचं काम ज्याच्या नशिबी आलं, त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. ते पोतं कुणीतरी आळसानं भरलं, तर त्याची किंमत दोन तास रांगेत उभी राहिलेली बाई देते.

असो. आईनं नंतर नवी घागर घेतली. घेताना माठासारखी बोटानं वाजवून पाहिली. मी म्हटलं, "आई, प्लास्टिक असं वाजवून कळत नसतं." ती म्हणाली, "मग कसं कळतं, ते दुकानदाराला सांग."

अजून सांगतोच आहे.