हसवणारे शाहीर आणि आपण

गेल्या रमजान ईदला आमच्या पनवेलच्या घरी जर्मनीत नोकरी करणारा भाचा आला होता. तिथल्या टीव्हीवर मंत्र्यांची नावे घेऊन टर उडवतात, हे तो मोठ्या नवलाने सांगत होता. "मामू, आपल्या लोकांत असं कधी कुणी केलं का?" त्याच्या या प्रश्नाने आम्ही जरा दुखावलोच.

जर्मनांचे हे राजकीय कॅबरे म्हणजे हिंदी सिनेमातला नाच नव्हे. चारदोन नट, एक पियानो आणि सरकारची खरडपट्टी, एवढाच त्याचा संसार. डीटर हिल्डेब्रांट यांनी १९८० साली ते 'शायबनविशर', म्हणजे गाडीची काच पुसणारा वायपर, या नावाने टीव्हीवर आणले. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीवरचा त्यांचा एक भाग बव्हेरियाच्या केंद्राने दाखवलाच नाही. काच पुसलेली सगळ्यांनाच आवडते असे नाही!

पण आपल्याकडे हे काम तमाशाने कितीतरी आधी केले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. आई मुनेरबी ओव्या गायची. मुलाचे मराठी त्या जात्यावरचे. अण्णा भाऊंच्या 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' यांत सोंगाड्या पुढाऱ्याची धोतरे सोडी आणि गिरणगाव पोट धरून हसे. त्यांनी गणसुद्धा बदलला. गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना पहिले वंदन. असा गण म्हणताना कोणत्याच धर्माच्या गड्याची जीभ अडखळण्याचे कारण उरले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा त्याच तमाशाने 'लोकनाट्य' हे नाव घेतले आणि फड पुन्हा लागले.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मुंबईला जाऊन आलेले आमच्या घरातले वडीलधारे सांगत, अमर शेख उभे राहिले की माइकची गरज नसे. त्यांचे आडनाव कोणी विचारत नसे, असेही ते सांगत. हे दुसरे वाक्य सांगताना त्यांचा आवाज थोडा बदले.

आज विनोदी कार्यक्रमात मुसलमान येतो तो बहुधा मोडके मराठी बोलणारा, लोकांनी ज्याला हसायचे असा. पेशवाईच्या अखेरीस लावण्या रचणाऱ्या सगनभाऊ शिकलगारांपासून ज्यांनी ही भाषा गाजवली, त्यांच्या वारसांच्या वाट्याला हे यावे, याचा आम्हाला राग येतो. आणि आपल्या घरातल्या मुलांना सगनभाऊ ठाऊक नसतात, याचा त्याहून जास्त.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "यांचं टीव्हीवरचं काही बघायला मिळेल?"

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला. अमर शेख त्याआधीच, २९ ऑगस्ट १९६९ला, इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले होते.