तोफ मागे सरते तेव्हा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. एकदा घरातल्या मुलांना घेऊन मी गेलो होतो. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. त्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. तो कारखाना निघाला 1791 साली आणि कान्होजी आंग्रे वारले 1729 साली, तेव्हा या तोफा त्यांच्या नव्हेत. धाकट्याने विचारले, ‘‘काका, चाके कशाला? ओढून न्यायला?’’

‘‘त्यासाठी तर खरीच,’’ मी म्हणालो, ‘‘पण मागे पळायलाही!’’

मुले हसली, पण गोष्ट खरी आहे. तोफ गोळ्याला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने गोळा तिला मागे ढकलतो. ढोबळ हिशेब करू. नऊ पौंडी गोळा म्हणजे सुमारे 4 किलो. तो सेकंदाला 400 मीटर वेगाने सुटला आणि गाड्यासह तोफ 1,600 किलोची असली, तर ती सेकंदाला 1 मीटर वेगाने मागे येईल. दारूचा वायूही पुढे सुटतो, त्यामुळे खरा धक्का याहून मोठाच. धक्का दोघांना सारखा, मग तट फुटतो आणि गोलंदाज वाचतो कसा? कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आपल्या हिशेबात हलक्या गोळ्याच्या वाट्याला तोफेच्या 400 पट ऊर्जा येते. गोळा ती क्षणात दगडात किंवा लाकडात रिकामी करतो. तोफ आपला वाटा चाकांवर सरकत खर्च करते. मात्र मागे उभा असलेल्याचा पाय चिरडायला तेवढाही वाटा पुरतो.

किल्ल्यावर पायाखाली जमीन तरी असते. जहाजावर काय? तेथे तोफेला दोरखंड बांधावे लागत आणि सारा हिसका जहाजाच्या लाकडाला सोसावा लागे. अठराव्या शतकातल्या कोकणच्या गुराबांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. बाजूच्या तोफा 6 ते 9 पौंडी. पण नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, मारा करणाऱ्या दोन तोफा 9 ते 12 पौंडी. जड तोफा पुढे का? पाठलागात त्या उपयोगी पडत, हे उघड आहे. मला आणखी एक कारण दिसते. नाळेवरच्या तोफेचा धक्का जहाजाच्या लांबीतून जातो, बाजूच्या तोफेचा रुंदीतून. उथळ जहाज आडव्या धक्क्याने डोलते. उभा धक्का ते सहज पचवते. छोट्या गलबतांवर तर बहुधा खुंट्यावर फिरणाऱ्या हलक्या तोफाच असत.

हे शहाणपण त्याआधीचे आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवायला जहाजे धाडली. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या आधिपत्याखालचे मराठी आरमार नाळेवरच्या तोफा डागत त्यांच्यावर चालून गेले. ‘डव्ह’ हे इंग्रजांचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिले. खांदेरी अखेर मराठ्यांकडेच राहिली. न्यूटनचा क्रिया-प्रतिक्रियेचा नियम असलेला ग्रंथ छापला गेला 1687 साली, म्हणजे आठ वर्षांनी. आमच्या खलाशांनी तो वाचला नव्हता; दोरखंड धरणाऱ्या त्यांच्या तळहातांना तो ठाऊक होता.

आज ‘गोलंदाज’ म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. दौलतखानाचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच. पण उसळून आलेली तोफ आवरून, पुन्हा ठासून, जागेवर ओढून नेणाऱ्यांची नावे पुस्तकांत सापडत नाहीत. किल्ल्यावरची तोफ पाहताना आपण विचारतो, गोळा किती लांब जाई? ती मागे किती येई आणि तिला कोण अडवी, हेही विचारावे.

भरतीची वेळ झाली, तसे आम्ही परतलो. धाकटा वाळूतून उलटा चालत होता, तोफेसारखा.