फौती आणि विरासत

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत माणूस गेला की तेरा दिवस मराठीत पार पडतात आणि चौदाव्या दिवसापासून उर्दू सुरू होते. फौती झाली का? विरासत कोणाच्या नावे? मुंतखब कोणाकडे आहे? पुण्याचे पाहुणे ‘वारस नोंद’ म्हणतात ते आपल्याकडे आजही कित्येक घरांत ‘फौती’च आहे, आणि शेजारचा तेलुगू शेतकरीही तोच शब्द वापरतो. हे शब्द परके मात्र नव्हेत. पेशवाईतल्या मोडी कागदांतही माणूस ‘फौत’च होतो. फारसीतून ते महाराष्ट्रात गेले तसे इथेही आले, फरक इतकाच की इथे ते टिकले.

आपले पूर्वज या संस्थानात आले तेव्हा मृत्यूनंतरचा कारभार कसा चाले, हे आज विसरल्यासारखे झाले आहे. वडिलांची जहागीर मुलाकडे जाते असे आपण सहज म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने निजामाच्या राज्यात ती तशी जात नसे. जहागीर ही हयातीपुरती. जहागीरदार फौत झाला की ती सरकारची झाली, आणि वारसाला ती पुन्हा, नव्याने बहाल व्हायची. मध्ये चौकशी. वारस कोण, किती, बायका किती, मुले कोणाची, हे सांगणारा वंशवृक्ष, म्हणजे शजरा, दाखल करायचा, साक्षीदार उभे करायचे, मग मंजुरीची वाट पाहायची. इनामांसाठी अतियात नावाचे खातेच होते. चौकशी पुरी होऊन जो कागद हाती पडे तो मुंतखब. नाव बहुधा एकाचे, बाकीचे हिस्सेदार किंवा गुजाऱ्याचे धनी. घरातल्या धाकट्या पात्यांचा राग पुष्कळदा याच कागदापासून सुरू झालेला दिसतो.

देशमुख-देशपांडे घराण्यांचे थोडे वेगळे. पहिल्या सालारजंगांनी १८६०च्या दशकात जिल्हाबंदी करून वसुलीचे काम सरकारी नोकरांकडे दिले आणि वतनदारांना रोख रुसूम बांधून दिला. काम गेले, हक्क उरला. त्या रुसुमासाठीही दर पिढीला वारसाचा अर्ज आला. १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, त्यामुळे आपल्या ट्रंकांतले बहुतेक कागद उर्दूत आहेत आणि त्यांवरच्या तारखा फसली सनाच्या. तारीख वाचणाऱ्यांसाठी सांगतो: फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

यात आमच्या मते सगळ्यात वाचण्याजोगा भाग विधवांचा आणि मुलींचा आहे. एकत्र कुटुंबात नवरा गेला तर मिताक्षरेप्रमाणे बाईला अन्नवस्त्रापलीकडे फारसे काही नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला, पण तो संस्थानाला आपोआप लागू नव्हता. इथे यायला त्याला पोलीस कारवाईनंतरही काही वर्षे लागली. तोवर विधवेच्या हाती मोठे साधन एकच, दत्तक. आणि इथे आपले मराठीपण थेट उपयोगी पडणारे होते. उत्तरेकडच्या बनारस शाखेत विधवेला दत्तक घ्यायचा तर नवऱ्याने जिवंतपणी परवानगी दिलेली असावी लागे. दक्षिणेच्या द्रविड शाखेत तशी परवानगी नसेल तर सपिंडांची संमती लागे. महाराष्ट्र शाखेत नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शके. मुलीचेही तसेच. भाऊ नसलेल्या मुलीला बापाची स्वतंत्र मालमत्ता इतर शाखांत हयातीपुरती मिळे, आपल्या शाखेत पूर्ण मालकीने.

मग प्रश्न येई की गोदाकाठचे गाव सोडून पिढ्यानपिढ्या तेलुगू मुलखात राहिलेले कुटुंब कोणत्या शाखेचे? हिंदू कायद्याचे तत्त्व असे की स्थलांतर करणारे कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन जाते, आणि त्याने तो सोडला हे दाखवण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असते. मध्य प्रांतात जाऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाच्या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलने १९२० साली हेच धरले. अशा वेळी पुरावा काय? सोयरिकी कुठे होतात, उपाध्याय कोठला, लग्नमुंजी आणि श्राद्धपक्ष कोणत्या रीतीने चालतात. घरात पुरणाचा नैवेद्य कोणत्या पद्धतीने होतो याची चौकशी कोर्टात व्हावी हे आज गमतीचे वाटेल, पण एखाद्या विधवेचे घर त्यावर टिकत किंवा जात असे. परमुलखात आजीने हट्टाने धरून ठेवलेल्या रीतींना हीही एक किंमत होती.

पुढचे सगळे भराभर घडले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी संपल्या. १९५२ साली अतियात चौकशीचा नवा कायदा आला. त्यानंतर इनामांच्या बंदीचा. १९५४-५५ची खासरा पहाणी तयार झाली, आणि तेलंगणातल्या जमिनीच्या तंट्यांत आजही तीच सर्वांत आधी मागतात. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला, विधवेच्या हातची मर्यादित मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. आणि साडेचार महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, हैदराबाद राज्यच तीन ठिकाणी वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, आपण आंध्र प्रदेशात. एका भाषिक समाजाच्या आनंदाचा तो दिवस होता. आपल्यासारख्यांचे मात्र घर सुलतान बाजारात आणि शेत परभणीत, अशी विभागणी झाली. एक माणूस गेला की दोन राज्यांतले दोन तहसीलदार.

दोन कायदेसुद्धा. आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून दिला, तोही त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्यांना. म्हणजे समजा एखाद्या मुलीचे लग्न १९९० साली झाले, तर आंध्रच्या कायद्याने ती सहदायाद, महाराष्ट्राच्या कायद्याने नाही. नऊ वर्षांच्या या फटीत लग्न झालेल्या लेकी आपल्या समाजात थोड्या नाहीत. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि त्या दिवशी वडील हयात असणे जरुरीचे नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र कायम राहते. घरातल्या घरात, कोऱ्या कागदावर ‘झाली’ म्हटलेली वाटणी त्यात सहजी बसत नाही.

कागद नीट नसले की काय होते याचा मोठा दाखला आपल्याच शहराचा आहे. पोलीस कारवाई संपून तीन दिवस होतात तोच, २० सप्टेंबर १९४८ला, निजामांच्या नावे लंडनच्या बँकेत असलेले दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवण्यात आले. निजामांनी ते परत मागितले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९५७ साली पाकिस्तानच्या सार्वभौमत्वापाशी अडले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी मीर उस्मान अली खान किंग कोठीत वारले. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ला, भारत सरकार आणि दोन्ही नातवांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. पुढच्याच वर्षी शंभरावर इतर वंशजांनी आपलाही वाटा मागितला, तो लंडनच्या कोर्टाने पुन्हा उघडला नाही. ज्यांनी दागिन्यांसाठी वेगळे ट्रस्ट हयातीतच केले होते, त्यांच्याही बाबतीत हे घडले.

आपल्या मापाची कामे त्यामानाने सोपी आहेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांपर्यंत जावे लागते. कुटुंब सदस्य प्रमाणपत्र मीसेवेतून तहसीलदाराकडे मागायचे. ठेवी आणि रोखे यांच्यासाठी, नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तर, दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. मृत्युपत्र असेल तर मुंबईच्या नातेवाइकांचा प्रोबेटचा सल्ला जसाच्या तसा ऐकू नये. ती सक्ती मुंबई, मद्रास, कलकत्ता या प्रेसिडेन्सी शहरांसाठी होती आणि हैदराबाद कधीच प्रेसिडेन्सीत नव्हते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ सालीच सांगितले होते, आणि विम्यात २०१५पर्यंत सरसकट तसेच धरले जाई. तरीही भावाभावांत अबोला धरायला हेच कारण आम्ही सर्वांत जास्त वेळा पाहिले.

नावांचा घोळ आपला खास. शाळेच्या दाखल्यावर देशपांडे, नोकरीच्या कागदांवर नुसते दत्तात्रेय राव, सातबाऱ्यावर दत्तू आणि वडिलांचे नाव, मुंतखबात उर्दू कारकुनाला ऐकू आले ते. हे चौघे एकच हे पटवून देताना वारसांचे महिने जातात. जुने उर्दू कागद वाचून घ्यायचे तर वाचणारी माणसे अजून आहेत, आणि निजामकालीन सरकारी दप्तर तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे.

आमच्या ओळखीच्या काही घरांत मराठवाड्यातला सातबारा अजून १९६०च्या सुमारास वारलेल्या आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा १९५६ नंतर गेले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाट्यात मुलींचा हिस्सा तेव्हाच, त्या दिवशीच ठरला होता. ना १९८५ची वाट पाहायची गरज होती ना २००५ची. फेरफारात त्यांची नावे कोणी घातली नाहीत, त्यांनीही माहेर तुटेल म्हणून विचारले नाही. अशा काही आत्या आज नव्वदीच्या घरात आहेत.